मुंबईच्या घरातली सजावट आणि कुंड्यांमधली बाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर सजवायचंय, चार कुंड्याही लावायच्यात. आधी काय विकत घ्यावं?

आधी काहीच घेऊ नका. आठवडाभर घराकडे नीट बघा. ऊन कुठल्या खिडकीतून किती वाजता येतं, किती वेळ राहतं आणि कुठल्या महिन्यात अजिबात येत नाही? कुठल्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते? कुंडीतलं जास्तीचं पाणी कुठे जाईल: मोरीत, गॅलरीच्या जाळीत की खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर? मुंबईतली बहुतेक झाडं आणि बहुतेक रंग हे प्रश्न न विचारल्यामुळेच वाया जातात. नर्सरीवाला किंवा दुकानदार तुमचं घर बघून माल देत नाही, ते काम तुमचंच आहे.

आमची खिडकी दक्षिणेला आहे, म्हणजे ऊन भरपूर मिळेल ना?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी, हो. तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि ऊन खिडकीतून थेट आत येतं. पण मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्याही किंचित उत्तरेला असतो. त्या काळात दक्षिणेच्या खिडकीला, विशेषतः वर छज्जा असेल तर, थेट ऊन जवळजवळ मिळत नाही. हिवाळ्यात फुललेली सदाफुली जूनमध्ये का रुसली, याचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं.

पूर्वेची खिडकी सर्वांत सोयीची. सकाळचं कोवळं ऊन तुळस, पुदिना, जास्वंद या सगळ्यांना मानवतं. पश्चिमेचं ऊन एप्रिल-मेमध्ये पानं करपवतं, तिथे हिरवी शेडनेट लागते. उत्तरेला मनी प्लांट, स्नेक प्लांट, झेडझेड, अग्लोनिमा लावा. फुलझाडांचा हट्ट तिथे धरू नका.

समोर दुसरी इमारत उभी असेल तर दिशेला फारसा अर्थ उरत नाही. त्यासाठी सोपी परीक्षा आहे. दुपारी बारा वाजता कुंडी ठेवायच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्याच्या फूटभर वर हात धरा. बोटं वेगवेगळी दिसतील अशी ठसठशीत सावली पडली, तर फुलझाडं आणि भाजी चालेल. सावली पडली पण कडा पुसट असतील, तर पानांची झाडं. सावली जेमतेम दिसली तर फक्त स्नेक प्लांट आणि झेडझेड, आणि त्यांनाही महिन्यातून काही दिवस उजेडाच्या जागी न्यायचं.

खिडकीबाहेर काढलेल्या पिंजऱ्यासारख्या बॉक्स ग्रिलमध्ये किती कुंड्या ठेवाव्यात?

कुंड्या मोजण्याआधी वजन मोजा. आठ इंची कुंडीत साधारण चार लिटर माती मावते. नुसती बागेची माती भरली आणि ती पावसात पूर्ण भिजली, की एक कुंडी सात किलोच्या आसपास जाते. मातीची कुंडी असेल तर तिचंही वजन त्यात धरा. अशा सहा कुंड्या म्हणजे चाळीस किलोहून जास्त भार. तीच कुंडी प्लॅस्टिकची आणि मिश्रण कोकोपीटचं (नारळाच्या काथ्याच्या भुशाचं) असेल तर भिजल्यावर चार-साडेचार किलो भरते, म्हणजे सहांचे पंचवीस-सत्तावीस किलो. बारा इंची कुंडी मात्र ओल्या मातीसकट सहज वीस किलोंच्या पुढे जाते. ती ग्रिलमध्ये ठेवूच नका, ती जमिनीवर शोभते.

भार लोखंडी पट्ट्यांपेक्षा ग्रिल भिंतीला जिथे धरलेली असते त्या बोल्टांवर येतो, आणि खाऱ्या हवेत आधी गंजतात ते बोल्टच. वर्षातून एकदा, मे महिन्यात, रंगाचे पोपडे खरवडून तिथला गंज बघा. बोल्टाभोवतीचं प्लास्टर तडकलं असेल किंवा तांबूस ओघळ आले असतील, तर कुंड्या लगेच आत घ्या आणि फॅब्रिकेटरला बोलवा.

ग्रिलच्या कठड्यावर किंवा बाहेरच्या बाजूला लटकणाऱ्या हुकात कुंडी ठेवू नये. खाली माणसं चालतात. कुंडी ग्रिलच्या आत, तळाला, आणि पावसाळ्यात तारेने बांधलेली हवी. ग्रिल नव्याने बसवायची किंवा बदलायची असेल तर आधी सोसायटीला लेखी विचारा.

मातीचं मिश्रण कसं करायचं?

दोन भाग भिजवलेलं कोकोपीट, एक भाग लाल माती, एक भाग गांडूळखत किंवा चाळलेलं जुनं शेणखत. आठ इंची सहा कुंड्यांना साधारण चोवीस लिटर मिश्रण लागतं: बारा लिटर कोकोपीट, सहा लिटर माती, सहा लिटर खत. वर प्रत्येक कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. साडेसहाशे ग्रॅमची कोकोपीटची वीट चार लिटर पाण्यात भिजवली की फुगून आठ-नऊ लिटर होते. ती एकदा स्वच्छ पाण्याने धुऊन पिळून घ्या, नाहीतर त्यातल्या क्षारांनी रोपांच्या पानांच्या कडा करपतात.

कोकोपीटमध्ये पोषण जवळजवळ नसतं, ते फक्त ओलावा धरतं. म्हणून दर महिन्याला कुंडीत दोन मुठी गांडूळखत घालावंच लागतं. हे विसरलं की दोन-तीन महिन्यांनी झाड पिवळं पडतं आणि दोष नर्सरीला लागतो.

तळाच्या भोकावर खापरीचा एक तुकडा उपडा ठेवा, बस. विटांच्या तुकड्यांचा जाड थर देऊ नका. त्याने निचरा सुधारत नाही, वजन वाढतं आणि मुळांची जागा कमी होते.

नर्सरीतून आणलेलं रोप दोन आठवड्यांत का मरतं?

बहुतेक वेळा घाईने कुंडी बदलल्यामुळे. रोप उघड्यावरून बंद खोलीत येतं, हा धक्का आधीच मोठा असतो. पहिले आठ-दहा दिवस ते काळ्या पिशवीतच, इतर झाडांपासून लांब ठेवा. या काळात कीड असेल तर दिसून येते. मग संध्याकाळी कुंडीत लावा. पिशवी कापून काढा, मुळांचा गोळा फोडू नका. काही ठिकाणी रोपं चिकट चिकणमातीच्या गोळ्यात विकतात. तसा गोळा असेल तर तो तासभर पाण्यात ठेवून बाहेरची माती हलक्या हाताने सुटी करा. तसाच लावला तर पाणी बाजूने वाहून जातं आणि आतली मुळं कोरडी राहतात.

तुळस दरवर्षी पावसाळ्यात जाते. काय चुकतं?

रोजचं तांब्याभर पाणी. मे महिन्यात ते तिला पुरतं. जुलैमध्ये हवाच इतकी दमट असते की मातीतलं पाणी आटतच नाही, आणि मुळं कुजतात. पानं आधी मलूल होतात, ती बघून आपण आणखी पाणी घालतो, आणि तिथेच झाड संपतं. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसा. ओल लागली तर त्या दिवशी पळीभर पाणी वाहा, पूजा तेवढ्यानेही होते. दूध आणि हळदकुंकू बुंध्याशी न घालता बाजूच्या ताटलीत ठेवा.

मंजिऱ्या सतत खुडत राहा. बी धरलं की तुळस थकते. दोन वर्षांत ती लाकडी होतेच, म्हणून मंजिऱ्यांचं बी ठेवून दुसऱ्या कुंडीत नवी रोपं तयार असू द्या. तिला किमान चार-पाच तास ऊन हवं. ऊन नसलेल्या घरात तुळस दर तीन महिन्यांनी बदलावी लागते, त्यात सेवेचा दोष नाही.

कुंडीखालच्या बशांचं काय करायचं?

उन्हाळ्यात ठेवा, पावसाळ्यात काढून टाका. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि मुंबईच्या उबेत आठ-दहा दिवसांत पूर्ण डास बाहेर पडतो. बशी ठेवणं भागच असेल, घर वरच्या मजल्यावर असेल आणि पाणी खाली ठिबकत असेल, तर आठवड्यातून एक वार ठरवून सगळ्या बशा रिकाम्या करा आणि आतून घासा. नुसतं ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटून राहतात. पाण्यात ठेवलेला मनी प्लांट, लकी बांबूची भांडी, फ्रीजमागचा ट्रे हेही त्याच दिवशी. महापालिकेचे कर्मचारी पावसाळ्यात घरोघर हीच ठिकाणं तपासतात.

कमी उन्हात, लहान जागेत खाण्यासारखं काय उगवतं?

मेथी. बाजारात छोट्या जुड्या मिळतात ती समुद्र मेथी घरात मिठाईच्या डब्यातही येते, आणि पहिल्यांदाच बाग करणाऱ्याने सुरुवात हिच्यापासून करावी.

साधारण बारा बाय आठ इंची, दोन-अडीच इंच खोल डबा घ्या आणि तळाला खिळ्याने दहा-बारा भोकं पाडा. अर्धी धुतलेली रेती आणि अर्धं कोकोपीट असं मिश्रण भरा. बाजारातली समुद्र मेथी रेताड जागेतच वाढते, आणि रेतीमुळे ती मुळासकट सहज उपटता येते. स्वयंपाकघरातलेच मेथीदाणे दोन मोठे चमचे, म्हणजे वीस-पंचवीस ग्रॅम, आठ तास भिजवा. पाणी निथळून दाणे एकमेकांना जेमतेम लागतील असे पसरा, वर बोटाच्या नखाएवढा मिश्रणाचा थर द्या आणि ओलं फडकं झाका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोड वर येतात, तेव्हा फडकं काढायचं. नाहीतर कोंब फडक्यात अडकून तुटतात. मग डबा खिडकीत ठेवा आणि पाणी फवारून द्या, ओतलं तर रोपं आडवी पडतात. बारा ते चौदा दिवसांत बोटभर उंचीची मेथी उपटून, रेती धुऊन, डाळीत किंवा थालीपिठात घाला.

डब्यात पांढरी बुरशी आली तर दाणे दाट पडले आहेत किंवा हवा खेळत नाही. दर सहा-सात दिवसांनी दुसरा डबा पेरला की घरात मेथी सतत राहते.

कोथिंबीर उगवत का नाही?

धने अख्खे पेरले जातात म्हणून. लाटण्याने हलके दाबून त्यांचे दोन भाग करा, रात्रभर भिजवा, अर्धा इंच खोल पेरा. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, तोवर माती सुकू द्यायची नाही. मुंबईत खरा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये ती पानं धरण्याआधीच फुलोऱ्यावर जाते. त्या महिन्यांत पुदिना आणि गवती चहावर समाधान माना, पावसाळ्यात अळू लावा.

मोगऱ्याला पानं भरपूर, फुलं नाहीत.

दोन कारणं: ऊन पाच तासांपेक्षा कमी, किंवा छाटणी झालेली नाही. मोगरा नव्या फुटीवर फुलतो. जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत प्रत्येक फांदी एक-तृतीयांश कापा, सुकलेल्या आणि एकमेकींत अडकलेल्या फांद्या मुळापासून काढा, उरलेली जुनी पानंही खुडा. वरची दोन इंच माती उकरून तिथे दोन मुठी शेणखत आणि चमचाभर बोनमील (हाडांचा चुरा) घाला. छाटणीआधी आठवडाभर पाणी कमी ठेवा, नंतर नेहमीसारखं सुरू करा. साधारण पाच-सहा आठवड्यांत कळ्या दिसतात. बहर ओसरला की शेंडे दोन इंच खुडा, पुन्हा फुटतात. नुसतं युरिया घातलं तर पानंच मिळतील.

जास्वंदीवर पांढरा कापूस दिसतो. कुठलं औषध मारू?

तो पिठ्या ढेकूण. आधी पाण्याच्या जोरदार धारेने झाड धुवा, पानांच्या मागच्या बाजूसह. अर्धी कीड त्यानेच जाते. मग एक लिटर कोमट पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि दोन-तीन मिली भांडी घासायचं लिक्विड नीट ढवळून संध्याकाळी फवारा. दुपारी फवारलं तर पानं भाजतात. साबण नसेल तर तेल पाण्यावर तरंगतं आणि फवारणी फुकट जाते. दर सात दिवसांनी तीन वेळा करा, कारण अंड्यांवर पहिल्या फवारणीचा परिणाम होत नाही.

फांदीवर मुंग्यांची रांग असेल तर ती थांबवल्याशिवाय कीड जाणार नाही. मुंग्या गोड चिकट रसासाठी या ढेकणांना जपतात आणि शेजारच्या झाडावरही नेतात. कुंडी भिंतीपासून सुटी ठेवा.

कबुतरं रोपं उपटतात.

सुटी माती आणि मोकळी जागा दिसली की ती बसतात. मातीत बांबूच्या सळया तीन-चार इंचांवर उभ्या रोवा. बसायला जागा उरली नाही की रोपं वाचतात. कायमचा उपाय म्हणजे जाळी. विष्ठा साफ करताना मास्क लावा आणि आधी पाणी मारून ती ओली करा. कोरडी झाडली की बारीक धूळ उडते आणि फुप्फुसांना खरोखरच अपाय होतो.

मे महिन्यात दहा दिवस गावी जातो, पाणी कोण घालणार?

शेजाऱ्यांकडे चावी देण्याची सोय असेल तर त्याहून चांगलं काही नाही. नसेल तर वातीची पद्धत वापरा. चार कुंड्या सावलीच्या जागी, मोरीच्या किंवा स्वयंपाकघराच्या खिडकीखाली एकत्र ठेवा. मध्ये स्टुलावर दहा लिटरची पाण्याने भरलेली बादली. जुन्या सुती धोतराच्या किंवा साडीच्या दोन बोटं रुंद पट्ट्या पिळून, भिजवून घ्या. एक टोक दगड बांधून बादलीच्या तळाला सोडा, दुसरं कुंडीत दोन इंच पुरा. पट्टी कोरडी लावली तर पाणी चढत नाही, आणि सिंथेटिक कापड पाणी ओढत नाही. आठ इंची कुंडीला मेमध्ये सावलीत दिवसाला साधारण पाव लिटर लागतं, म्हणजे चार कुंड्यांना दहा दिवस पुरतं. बादलीचं तोंड कापडाने घट्ट बांधा, डास होतात. निघण्याच्या दोन दिवस आधी लावून बघा. माती चिखल होत असेल तर पट्टी अरुंद करा.

घरात ओल्या कचऱ्याचं खत केलं तर वास येतो का?

ओलं जास्त झालं तरच. वीस लिटरच्या झाकणाच्या बादलीला तळाला आणि बाजूंना पेन्सिलीएवढी भोकं पाडा, खाली ट्रे ठेवा. भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा, निर्माल्य बारीक चिरून टाका, आणि प्रत्येक वेळी तेवढंच कोकोपीट किंवा चुरलेली सुकी पानं. सुरुवातीला दोन मुठी जुनं खत हवं. शिजवलेलं, तेलकट आणि मासळी नको. आठवड्यातून दोनदा ढवळा. वास आला की सुकं वाढवा. बादली भरल्यावर दीड-दोन महिन्यांत खत तयार होतं.

भिंतीचे पोपडे निघतात. पुट्टी लावून रंग मारला तर टिकेल का?

पाणी कुठून येतं हे कळल्याशिवाय नाही. फूटभर चौकोनी पारदर्शक प्लॅस्टिक भिंतीला चारही बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर ती हवेतली वाफ आहे. त्यावर खिडकी उघडी ठेवणं, पंखा लावणं आणि कपाट भिंतीपासून तीन इंच पुढे ओढणं पुरतं.

भिंतीतली ओल असेल तर डाग बघा. पश्चिमेच्या किंवा नैऋत्येच्या बाहेरच्या भिंतीवर, पावसाळ्यातच वाढणारी ओल म्हणजे बाहेरच्या प्लास्टरला भेगा, कारण मोसमी पावसाचा मारा त्याच बाजूने होतो. बारमाही, छतालगतची, पिवळट कडांची ओल म्हणजे वरच्या घराची मोरी किंवा पाइप. सोसायटीला लेखी कळवा. पांढरी पूड सुटत असेल तर तो लोणा. तो कोरड्या ब्रशने झाडायचा, पाण्याने धुतला तर क्षार परत आत मुरतात.

बाहेरची दुरुस्ती पावसाआधी, म्हणजे एप्रिल-मेमध्ये. आतला रंग ऑक्टोबर सरल्यावर. ओल्या भिंतीवर मारलेला महागातला महाग रंगसुद्धा पुढच्या पावसाळ्यात फुगतो.

एकच भिंत स्वतः रंगवायची आहे. किती सामान लागेल?

दहा फूट लांब, नऊ फूट उंच भिंत म्हणजे नव्वद चौरस फूट. दोन हातांना एक लिटर प्लॅस्टिक इमल्शन पुरतं, प्रायमरही एक लिटर. डागडुजीपुरती पुट्टी दोन किलो, पूर्ण भिंतीला आठ-दहा किलो. सोबत नऊ इंची रोलर, कडांसाठी दोन इंची ब्रश, मास्किंग टेप, १२० आणि २२० नंबरचे पॉलिश पेपर, आणि लादीवर अंथरायला जुनी चादर. प्लॅस्टिक अंथरलं तर त्यावरचा ओला रंग पायांना लागून घरभर फिरतो.

सैल रंग पत्र्याने खरवडा, भेगा पुट्टीने भरा, वाळल्यावर आधी १२० आणि मग २२० ने घासा, धूळ पुसा, प्रायमर. दुसऱ्या दिवशी रंगाचा पहिला हात, किमान चार-सहा तासांनी दुसरा. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच घाला. जास्त पातळ केलेला रंग वाळल्यावर चट्टेदार दिसतो. टेप दुसरा हात अर्धवट ओला असतानाच काढा, पूर्ण वाळल्यावर काढली तर रंगाची कड सोबत निघते.

लहान खोलीत गडद रंग खिडकीच्या भिंतीला देऊ नका. उजेड त्या भिंतीतून येतो आणि तिच्यावर पडत नाही, त्यामुळे ती काळपट दिसते. खिडकीसमोरची भिंत निवडा.

फ्रेम किंवा शेल्फसाठी ड्रिल करताना काय सांभाळायचं?

वायर. स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली आणि सरळ आडवं कधीही भोक पाडू नका, पाइप तिथूनच गेलेले असतात. मोरीच्या पाठच्या भिंतीत नळाच्या रेषेतही नको.

भुकटी बघा. लाल आली तर वीट, सहा मिलीमीटरचं बिट आणि तेवढीच गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारी प्लॅस्टिकची नळी) चालते. करडी आणि मशीन अडलं तर काँक्रीटचा खांब, तिथे हॅमर मोड लागतो. पांढरी आणि बिट लोण्यात गेल्यासारखं गेलं तर ती हलकी ब्लॉकची भिंत. तिथे साधी गिट्टी सैल होते, अशा ब्लॉकसाठीची लांब गिट्टी मागा. प्लास्टरच अर्धा-पाऊण इंच जाड असतं, त्यामुळे गिट्टी त्याच्याही आत जायला हवी. बिटवर गिट्टीच्या लांबीपेक्षा जरा जास्त अंतरावर टेप गुंडाळून खूण करा.

फ्रेमचा मध्य जमिनीपासून साधारण पावणेपाच ते पाच फुटांवर ठेवा. बहुतेक घरांत फोटो फार वर टांगलेले असतात.

भाड्याचं घर आहे, भोक पाडायची परवानगी नाही.

चिकटणारे हुक लादीवर आणि ऑइल पेंटवर टिकतात. चुना किंवा डिस्टेंपरवर टिकत नाहीत, कारण वरची पूड सुटते. त्याऐवजी उंच शिडीसारखं लाकडी स्टँड भिंतीला टेकवा, फ्रेम त्यावर ठेवा. आणि दिवे बदला: पांढऱ्याफेक ट्यूबऐवजी संध्याकाळी कोपऱ्यात २७०० ते ३००० केल्विनचा, नऊ वॉटचा एलईडी असलेला एक दिवा. एवढ्याने खोली जितकी बदलते तितकी दुसऱ्या कशाने बदलत नाही. अभ्यासाच्या टेबलावर मात्र पांढराच उजेड ठेवा.

जुन्या साडीचे पडदे शिवता येतात का?

सुंदर होतात. सुती साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि सव्वा वार रुंद. चार फुटी खिडकीला पाच फूट लांबीचे पडदे हवे असतील तर वरचा दांड्याचा खिसा आणि खालची दुमड धरून एका पडद्याला १७७ सेंटीमीटर कापड लागतं. एका साडीत असे तीन पडदे बसतात. खिडकीला दोन लावा: दोन रुंद्या मिळून खिडकीच्या जवळजवळ दुप्पट होतात आणि चुण्या पडायला एवढंच हवं. तिसरा स्वयंपाकघराच्या दाराला.

दारापर्यंत लांब, सात फुटी पडदे हवे असतील तर प्रत्येकी २३८ सेंटीमीटर. दोन पडदे कापून सुमारे पाऊण मीटर उरतं, त्यात उशीचा अभ्रा निघतो. पदर फाडू नका, तो एका पडद्याच्या खालच्या भागात येईल असं कापा.

कापण्याआधी साडी उन्हाकडे धरून बघा. घडीच्या रेषांवर धागे विरलेले असतील तर शिवण तिथेच फाटते, तो भाग टाळा किंवा पातळ मलमलीचं अस्तर लावा. पश्चिमेच्या खिडकीला अस्तर लावाच, रंग वर्षभरात उडतो. रॉड खिडकीच्या दोन्ही बाजूंना सहा इंच जास्त आणि आठ-दहा इंच वर बसवला की पडदा उघडल्यावर काच पूर्ण मोकळी राहते.

मातीच्या कुंडीवर वारली काढली, पण रंग सुटला.

पाणी आतून झिरपून रंगाला मागून ढकलतं. म्हणून चित्र काढलेली कुंडी बाहेरचं भांडं म्हणून वापरा आणि रोप आत प्लॅस्टिकच्या कुंडीत ठेवा. धारावीच्या कुंभारवाड्यातून आणलेली कुंडी दोन दिवस उन्हात वाळवा, २२० ने घासा, गेरूच्या रंगाच्या ॲक्रिलिकचे दोन हात द्या, मग शून्य नंबरच्या ब्रशने पांढऱ्या ॲक्रिलिकने चित्र आणि वर मॅट वार्निश. पालघर-ठाण्याकडच्या मूळ भित्तिचित्रांत तांदळाच्या पिठाचा पांढरा असतो. पण तो कुंडीवर पाण्याने धुतला जातो, म्हणून इथे ॲक्रिलिक. दोन त्रिकोण टोकांना जोडून माणूस होतो, हातपाय शेवटी एकाच ओढीत काढा, थांबून काढलेली रेघ जाड होते.

गणपतीच्या आराशीत झाडं वापरली तर दहा दिवस टिकतील?

अरेका पाम, स्नेक प्लांट, मनी प्लांट, सिंगोनियम आरामात टिकतात. गुलाब, शेवंती, मोगरा बंद खोलीत चार दिवसांत कळ्या टाकतात. त्यांना रात्री गॅलरीत ठेवावं लागतं. झाडं आठवडाभर आधी आणा, पानं ओल्या फडक्याने पुसा. फोकसचा दिवा पानांपासून दोन फूट लांब ठेवा, आणि समई-उदबत्तीच्या जवळ सुकी पानं किंवा कापडी झालर येऊ देऊ नका.

थर्मोकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. त्याऐवजी बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर नऊवारीचं कापड किंवा पुठ्ठा. कामट्या सुतळीने बांधा, गरम गोंदाचा जोड दमट हवेत सुटतो.

दूर्वांसाठी हरळीच्या मुळं असलेल्या काड्या उथळ ट्रेमध्ये जुलैच्या शेवटी, गणपती सप्टेंबरात असतील तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लावा. सर्वांत जास्त ऊन येणाऱ्या जागी ठेवल्या तर तीन-चार आठवड्यांत खुडण्याजोग्या होतात. सावलीत त्या लांबट, फिक्या वाढतात आणि जुडी बांधताना मोडतात.